रेडिओंतील खरखर व तिचा माग

रेडिओवर एखादें भाषण रंगांत आलें असतां स्वयंपाकघरांतील मिक्सर सुरू होतो आणि शब्दांच्या जागीं नुसती खरखर ऐकूं येते, हा अनुभव आपल्या सोलापुरांत कोणास नवा नाहीं. दोष रेडिओचा नसतो. विजेची ठिणगी उडाली कीं तिच्यापासून निरनिराळ्या कंपनसंख्येच्या लहरी चोहोंकडे पसरतात, व त्यांपैकीं कांहीं आपल्या रेडिओच्या वाट्यास येतात. घरीं ही गोष्ट केवळ त्रासाची आहे. परंतु वैमानिक जमिनीवरील नियंत्रकाशीं बोलत असतां अशी खरखर मध्येंच आली, तर एक शब्द हुकणेंहि परवडत नाहीं.

लहरींचा उपयोग करणारे पुष्कळ आणि मैदान एकच. म्हणून प्रत्येकास जागा नेमून द्यावी लागते. राष्ट्राराष्ट्रांतील वांटणी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना ठरविते. आपल्या देशांत १९३३ च्या कायद्यानें बिनतारी यंत्र बाळगण्यास परवाना आवश्यक झाला, आणि २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानेंहि परवानगीचें तत्त्व कायम ठेविलें आहे. या मैदानावर पहारा ठेवण्याचें काम भारत सरकारच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे आहे.

तक्रार आली कीं अधिकारी प्रथम नुसते ऐकतात. उपद्रव केव्हां सुरू होतो, केव्हां थांबतो, एकाच कंपनसंख्येवर आहे कीं सर्वत्र पसरला आहे, याचीं टिपणें घेतात. मग दिशा ओळखणारें एरियल हळूहळू फिरवितात. ज्या बाजूनें आवाज सर्वांत जोराचा येतो, त्या बाजूस नकाशावर एक रेषा ओढावयाची. एका रेषेवरून उगम कोणत्या दिशेस आहे एवढेंच कळतें. किती दूर, तें कळत नाहीं. म्हणून गाडी दुसऱ्या ठिकाणीं नेऊन दुसरी रेषा ओढतात. दोन्ही रेषा जेथें एकमेकींस छेदतात, तेथें उगम असावा. भूमितीच्या तासाला ‘याचा उपयोग काय?’ असें पुटपुटणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. शहरांत मात्र उंच इमारतींवर आदळून लहरी परततात व रेषा फसवी निघते. तेव्हां तिसरी, चौथी रेषा घ्यावी लागते, आणि अखेरचीं शंभर पावलें हातांत लहान एरियल घेऊन पायींच चालावीं लागतात.

या शोधाचें महत्त्व आपल्या महाराष्ट्रांत सर्वांत अधिक कोठें जाणवत असेल, तर तें जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून तेथें एक प्रचंड रेडिओ-दुर्बीण उभी राहिली. सुमारें २५ किलोमीटरच्या परिसरांत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पसरल्या आहेत. दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात कीं, त्यांपुढें आपल्या खिशांतील मोबाईल म्हणजे ढोलच होय. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा, ज्यांत हायड्रोजन वायूचा स्वर सांपडतो, सर्व जगानें मोकळा राखला आहे. तेथें प्रक्षेपण करण्यास बंदी आहे. पण विजेच्या खांबावरील ठिणगीस कायदा वाचतां येत नाहीं.

खांबावरील एखादा बोल्ट सैल होतो, गंज चढतो, आणि दोन धातूंच्या तुकड्यांमध्यें केसाएवढी फट राहते. आपली वीज सेकंदास ५० आवर्तनें करते व प्रत्येक आवर्तनांत तिचा दाब दोनदां शिगेस पोहोंचतो. त्यामुळें त्या फटींत सेकंदास शंभर वेळां ठिणग्यांची माळ उडते. नोंदींत हा शंभराचा ठेका दिसला कीं संशोधक ओळखतात, हें आकाशांतील नव्हे, विजेच्या तारांचें काम. आतां नेमका खांब कोणता? कमी कंपनसंख्येचा आवाज तारेवरूनच दूरवर वाहत जातो व प्रत्येक खांब दोषी वाटतो. म्हणून शोधणारे जसजसे जवळ येतात तसतशी अधिकाधिक उच्च कंपनसंख्या ऐकतात, कारण ती उगमाजवळच जोराची असते. खांब सांपडल्यावर विजेच्या कंपनीचा माणूस प्रवाह बंद करून तो बोल्ट आवळतो. हें काम त्याचेंच. कोणीहि उत्साहानें खांबास हात लावूं नये.

दुसरा उपद्रव पालकांनीं जाणून घ्यावा असा आहे. घरांत मोबाईल नीट लागत नाहीं म्हणून कांहीं लोक बाजारांतून ‘बूस्टर’ आणून गच्चीवर बसवितात. याचीं दोन एरियलें पुरेशी दूर नसलीं तर एकाचा आवाज दुसऱ्यांत शिरून यंत्र स्वतःच ओरडूं लागतें, आणि मोहल्ल्यांतील सर्वांचे फोन अडखळतात. बसविणाऱ्यास याचा पत्ताहि नसतो. त्याचा फोन तर उत्तम चालतो! त्याच वेळीं पलीकडच्या घरांत कोणी रुग्णवाहिका बोलावूं पाहत असेल. परवान्यावांचून असें यंत्र बसविणें हा अपराध आहे, आणि दूरसंचार विभाग तीं काढवितो व जप्तहि करतो. ज्यास खरोखरच अडचण आहे त्यानें मोबाईल कंपनीकडे तक्रार करावी; परवानगी घेऊन योग्य उपकरण बसविण्याचें काम तिचें आहे.

असल्या शोधांतून एकदां मोठेंच घबाड हातीं लागलें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेचे कार्ल जान्स्की यांस समुद्रापारच्या टेलिफोनमधील खरखरीचीं कारणें शोधावयाचीं होतीं. फिरत्या एरियलनें त्यांनीं जवळचीं व दूरचीं वादळें ओळखलीं; पण एक मंद सुसकारा उरलाच. तो दररोज चार मिनिटें आधीं, म्हणजे ताऱ्यांच्या वेळेप्रमाणें, येई. १९३३ सालीं त्यांनीं जाहीर केलें कीं तो आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून, धनु राशीच्या दिशेनें, येत आहे. तो मात्र कोणास बंद करतां आला नाहीं; खोडदच्या तबकड्या आज तसलेच सुसकारे ऐकत असतात.