कर्जबाजारी संसाराची शब्दसंपत्ती

मराठीत ‘कर्ज’ हा शब्द बहुधा एकवचनी वापरला जातो. परंतु कर्जात बुडालेल्या घराला एकच कर्ज क्वचित असते. वाण्याची उधारी, शेजारणीकडचे हातउसने, मोडीला न काढता गहाण ठेवलेले सोने, सावकाराचे व्याजी पैसे, मुकादमाची उचल, वित्तसंस्थेचा हप्ता अशी नाना जातींची देणी एकाच छपराखाली नांदत असतात. पदरी लहान मुले असलेल्या कुटुंबात त्यांची संख्या वाढते. कारण दूध, औषध आणि शाळेचा खर्च हंगामाची वाट पाहत नाही. भाषेने या देण्यांना निरनिराळी नावे दिली आहेत. घरच्या हिशेबात मात्र ती सारी ‘कर्ज’ या एकाच ढिगात पडतात आणि त्या ढिगाकडे पाहून माणसाचा धीर सुटतो. म्हणून या नावांतील भेद तपासणे केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय नाही.

‘उसने’ या शब्दात व्याजाला जागा नाही. वाटीभर पीठ नेले तर वाटीभरच परत करावयाचे; त्याचे मोल फेडले जाते ते पुढे आपणही उसने देण्याच्या तयारीने. ते बुडाले तर कोणी कोर्टात जात नाही, फक्त एक दार बंद होते. तान्हे मूल असलेल्या बाईला त्या दाराची किंमत पुष्कळ असते. वाण्याच्या उधारीचेही काहीसे असेच आहे. तिला सहसा व्याज नसते, पण तिच्यावर रोजचे तांदूळ आणि साखर अवलंबून असतात. असे असूनही, तंगी आली की प्रथम उधारीच थकते. कारण वाणी मोठ्याने बोलत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याचे देणे आधी, हा क्रम बहुतेक अडचणीत आलेल्या घरांत दिसतो, आणि तो चुकीचा आहे.

‘व्याज’ या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ निमित्त किंवा कपट असा आहे. अलंकारशास्त्रातील ‘व्याजस्तुती’त तो अद्याप टिकून आहे. यावरून सावकाराच्या नीतीविषयी काही सिद्ध करणे शास्त्राला धरून होणार नाही. खरे कपट असते ते हिशेबात. वीस हजार रुपये दरमहा शेकडा ३ या दराने घेतले, तर महिन्याचे व्याज ६०० रुपये होते. कुटुंबाने दरमहा न चुकता ६०० रुपये भरले, तर ३४ महिन्यांत २०,४०० रुपये देऊनही मुद्दल जसेच्या तसे उभे राहते. तेच दरमहा १,००० रुपये भरले आणि वरचे पैसे मुद्दलात जमा झाले, तर सुमारे ३१ महिन्यांत खाते मिटते. घराचे भवितव्य या ४०० रुपयांच्या फरकात असते. ‘हप्ता भरला’ या वाक्यातून तो फरक कळत नाही. ‘मुद्दलात किती गेले’ असे विचारावे लागते.

हा प्रश्न दख्खनच्या शेतकऱ्याने फार पूर्वी विचारला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला, तेव्हा जमावाचा रोख मुख्यतः सावकाराच्या कागदपत्रांवर होता. खते व रोखे हिसकावून जाळण्यात आले. त्यानंतर १८७९ मध्ये झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना व्यवहाराचा इतिहास मुळापासून तपासण्याचा आणि मुद्दल व व्याज यांचे हिशेब स्वतंत्र मांडण्याचा अधिकार दिला. त्याहूनही जुना ‘दामदुप्पट’ हा नियम सर्वांच्या तोंडी आहे, पण त्याचा अर्थ बहुधा चुकीचा लावला जातो. एका वेळी वसूल होणारे थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, एवढेच तो सांगतो. जो ऋणको दरमहा इमानाने व्याज भरतो, त्याच्या भरलेल्या रकमांची बेरीज मुद्दलाच्या कितीही पुढे गेली तरी हा नियम त्याच्या मदतीला येत नाही.

‘उचल’ हा शब्द सर्वांत जपून वापरावा असा आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीला जाणारी कुटुंबे हंगामापूर्वी मुकादमाकडून पैसे घेतात; ती रक्कम पती-पत्नीच्या जोडीवर दिली जाते व त्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसांना एका हत्याराचे नाव मिळावे, यातच व्यवहाराचे स्वरूप उघड होते. उचल म्हणजे न केलेल्या कामाची मजुरी. ती पैशाने नव्हे, अंगमेहनतीने फिटते. मूल आजारी पडले आणि आई खोपीवर राहिली, तर ‘खाडा’ पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. हंगामाअखेर फिटले नाही ते ‘बाकी’ होऊन पुढच्या वर्षाच्या उचलीत मिसळते. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाला २०१९ मध्ये समिती नेमावी लागली, त्या प्रश्नाच्या पार्श्वभूमीला हा खाडाही होता. कामाने फेडण्याच्या अशा देण्यात माणूस अडकवून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. परंतु ‘उचल’ या साध्या शब्दाआड वेठ दिसेनाशी होते.

‘हप्ता’ हा फारसी शब्द मूळचा आठवड्याचा. मराठीत तो महिन्याच्या देण्यालाही लागला, आणि लघुवित्त संस्थांच्या साप्ताहिक वसुलीमुळे पुन्हा आपल्या मूळ अर्थावर आला आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये लघुवित्त कर्जांसाठी घालून दिलेल्या नियमांनुसार, कुटुंबाच्या सर्व कर्जांची परतफेड त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये. ही मर्यादा पाळण्याची जबाबदारी संस्थेवर आहे. तथापि पाच माणसांच्या घरात उरलेल्या निम्म्यात काय भागते, हे निराळे सांगणे नको. एका संस्थेचा हप्ता भरण्यासाठी दुसरीकडून कर्ज काढले जाते, तेथून पुढे कुटुंब प्रत्यक्षात व्याजावर व्याज भरू लागते.

शेवटी ‘जप्ती’. या शब्दाने घरातली मुलेसुद्धा गप्प होतात, आणि वसुलीला येणारी माणसे तो मुद्दाम उच्चारतात. वस्तुतः सावकाराच्या हुकमाने जप्ती होत नाही. त्यासाठी कायदेशीर आदेश लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (१९०८) कलम ६० नुसार ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही; धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे अलंकार आणि कारागिराची अवजारेही त्यातून वगळलेली आहेत. सावकार विनापरवाना असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली तोच गुन्हेगार ठरतो, आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते. तेथे जाताना दिलेल्या प्रत्येक रकमेची तारीख एका वहीत उतरवलेली असली, तर अर्धे काम झालेले असते. मुलाच्या जुन्या शाळेच्या वहीची कोरी पानेही त्यासाठी पुरतात.