चित्राची मुळाक्षरे

मंडळी, तुम्ही आता वाचायला लागलात. पण अक्षरओळख होण्याच्या आधीपासून तुम्हाला एक लिपी येत होती. ती लिपी म्हणजे चित्र.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्हाला कुठं चित्र काढता येतं?" मग मी विचारतो, दारात रांगोळी कोण घालते? पोळ्याला बैलाच्या अंगावर गेरूचे ठिपके कोण उठवतो? गोधडीवर दोऱ्याची नक्षी कोण काढते? तुम्हीच ना?

भाषेला जशी मुळाक्षरे, तशी चित्रालाही आहेत. ती थोडीच आहेत. ठिपका, रेघ, आकार, पोत, रंग आणि मोकळी जागा. एकेक पाहू.

ठिपका आणि रेघ

रांगोळी घालताना बाई आधी ठिपके देते. नुसता ठिपका म्हणजे एक खूण. पण ठिपके सारख्या अंतरावर दिले की पुढच्या रेघांना वाट सापडते. एक ठिपका चुकला, तर सगळी रांगोळी वाकडी होते.

ठिपक्याला ठिपका जोडला की रेघ होते. रेघेला स्वभाव असतो, बरं का! आडवी रेघ झोपलेल्या माणसासारखी शांत वाटते. उभी रेघ खांबासारखी ताठ वाटते. तिरपी रेघ पळणाऱ्या माणसासारखी वाटते. वळणाची रेघ ओढ्यासारखी वाहते. आठवा, वर्गात पहिल्या दिवशी तुम्ही काय गिरवलेत? उभी रेघ, आडवी रेघ, अर्धा गोल. अक्षरेसुद्धा यातूनच झाली आहेत.

आकार

रेघ फिरून स्वतःलाच येऊन मिळाली की आकार तयार होतो. गोल, त्रिकोण आणि चौकोन हे मुख्य आकार. एवढ्या तिघांवर केवढे काम होते, ते ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या वारली लोकांकडून शिकावे. ते शेणामातीने किंवा गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्र काढतात. कुंचला म्हणजे बांबूची काडी. माणूस काढायचा तर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवायचे. वर गोल डोके, आणि हातपाय रेघांचे. झाला माणूस! तो नाचतो, पेरणी करतो, मासे धरतो.

लग्नात सुवासिनी भिंतीवर चौक काढतात, ती ही कला. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणली आणि देशोदेशी नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 साली ते वारले. गोल, त्रिकोण आणि रेघ, एवढ्याच भांडवलावर हे झाले.

पोत

घोंगडी खरखरीत, धोतर मऊ. हात न लावता नुसते पाहूनही हे कळते. यालाच पोत म्हणतात. चित्रात बारीक ठिपके भरले की धान्याची रास वाटते. जवळजवळ उभ्या काड्या मारल्या की गवत वाटते.

रंग

लाल, पिवळा आणि निळा हे मूळ रंग. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो. लालात पिवळा मिसळला की नारिंगी होतो.

रंग एकटा कधी दिसत नाही. तो शेजाऱ्यासह दिसतो. पांढऱ्या भिंतीवर पिवळी अक्षरे बुडतात. तीच काळ्या फळ्यावर उठून दिसतात.

रंग बोलतोही. पिकावर मारायच्या औषधाचा डबा पाहा. त्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग भरलेला असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याखालोखाल पिवळा. मग निळा. हिरवा सर्वांत सौम्य. पण सौम्य झाले तरी ते विषच! हिरवा रंग पाहून फसू नका. डबा पोरांच्या हाती लागू देऊ नका.

मोकळी जागा

आता शेवटचे अक्षर. हे मी फार उशिरा शिकलो. कसे ते सांगतो.

मी नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. पावसात गावच्या विहिरीत घाण पाणी शिरले. डॉक्टर म्हणाले, "चार दिवस हे पाणी कोणी पिऊ नये." फळी लिहायचे काम माझ्याकडे आले. मी एक जुनी तपकिरी फळी घेतली. गेरूच्या रंगाने या काठापासून त्या काठापर्यंत मजकूर लिहिला. "सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की" अशी सुरुवात केली, आणि सात ओळी ठासून भरल्या. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. मला मोठा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी तीन घरांतली पोरे जुलाबाने आजारी पडली. मी एका आईवर रागावलो. म्हटले, "तुला वाचता येतं ना? फळी दिसली नाही?" ती म्हणाली, "दिसली, गुरुजी. पण तिच्यात काय आहे, ते डोळ्याला सापडलंच नाही."

मी खाली मान घातली. तपकिरीवर गेरू, आणि श्वास घ्यायला जागा नाही. चूक माझीच होती. त्याच बाईने मग कोळशाने फळी काळी केली. मधोमध चुन्याने एक घागर काढली. घागरीवर फुली मारली. बाकी सगळी फळी मोकळी सोडली. त्यानंतर त्या विहिरीवर कोणी घागर बुडवली नाही. पोरे बरी झाली, पण मी ती फळी विसरलो नाही.

मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. शेतात दोन रोपांत अंतर ठेवतो, तेव्हा रोप वाढते. तसेच हे आहे.

करून पाहा

एक कागद घ्या. त्यावर "पाणी उकळून प्या" एवढेच लिहा. शेजारी चुलीवरचे भांडे काढा. चारही बाजूंना जागा सोडा. कागद भिंतीला लावा आणि दहा पावले मागे जा. तिथून वाचता आले, तर चित्राची मुळाक्षरे तुम्हाला आली. नाही आले, तर पुसा आणि पुन्हा काढा. मीही तसेच शिकलो.