आजीचा प्रश्न आणि सशाचं आतडं

पटकीचा जंतू एकदा जिवंत पाहिला की विसरत नाही. पेशंटच्या भाताच्या पेजेसारख्या जुलाबाचा थेंब काचेला उलटा लटकवायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा. चिलटांचा थवा उधळावा तशी नुसती पळापळ! लॅबमध्ये तीस वर्षं काढली, तरी ते दृश्य दिसलं की माझी मान वर होत नसे.

शिकत असताना आजीला मी हा थेंब दाखवला होता. तिच्या लहानपणी पटकी आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. डोळा काचेला लावून ती म्हणाली, "मेल्या जनावरावर माश्या बसत्यात. म्हणून माश्यांनी मारलं व्हय त्याला?"

जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखही याच प्रश्नापाशी अडला होता. १८८४ साली कोलकात्यात पटकीनं मेलेल्यांच्या आतड्यांत त्याला स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू सापडला. दुसऱ्या कारणानं जुलाब होणाऱ्यांत तो नव्हता. जेलीवर त्यानं तो वेगळा वाढवलाही. उरलं होतं ते एवढंच, की वाढवलेला जंतू निरोगी प्राण्याला देऊन तोच रोग उठवायचा. उंदरांपासून माकडांपर्यंत सगळे झाले, पटकी कुणालाच होईना. एकट्या जंतूनं पटकी होते हे न पटलेल्या म्युनिकच्या पेटेनकोफरनं तर १८९२ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, ते जंतू स्वतःच पिऊन दाखवले. थोडे जुलाब झाले, म्हातारा ठणठणीत!

कोडं सुटलं ते पुन्हा कोलकात्यातच. शंभुनाथ डे यांनी सशाला तोंडानं काही पाजलं नाही, की रक्तात टोचलं नाही. भूल देऊन पोट उघडलं, लहान आतड्याचा थोडा भाग दोन्हीकडून दोऱ्यानं बांधला आणि त्या बंद पिशवीत जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी ती पाण्यानं टम्म फुगलेली. ससा मरतो का, हे ते बघतच नव्हते; आतड्यात पाणी सुटतं का, एवढंच बघत होते. मला यातली हुशारी अजूनही थक्क करते. या प्रयोगावरचा त्यांचा निबंध १९५३ चा.

१९५९ मध्ये त्यांनी जंतू वाढवलेलं पाणी असं गाळलं, की त्यात एकही जंतू उरू नये. नुसतं गाळलेलं पाणी आतड्यात सोडलं. आतडं तरीही फुगलं. जंतू बाहेर टाकतो ते विषच शरीरातलं पाणी आतड्यात ओढत होतं.

माशी नव्हती, तरी तिनं सोडलेल्या विषानं जनावर मेलं होतं. आजीला हे सांगायचं राहून गेलं. आमच्या पुस्तकात कॉख होता. डे यांचं नाव मी ऐकलं तेव्हा आजीला जाऊन बारा वर्षं झाली होती.