साडेमाडे तीनपासून शून्यापर्यंत

चंद्राच्या वाटेने : लेखांक ७

लहानपणी अंगणात पळण्याची शर्यत लागली की सगळी सत्ता आकडे मोजणाऱ्याच्या हातात असे. 'एक... दोन... साडेमाडे...' म्हणून तो थांबायचा. तोवर दोघं-तिघं उतावीळ निम्म्या अंगणात पोचलेले असत. त्यांना मागे बोलवायचं, पुन्हा ओळ लावायची, पुन्हा एकपासून सुरुवात. 'तीन' कधी येणार हे त्याचं त्यालाच ठाऊक.

१९२९ साली बर्लिनमध्ये फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकापुढे जवळपास हाच प्रश्न होता. त्याच्या चित्रपटात एक रॉकेट चंद्राकडे सुटायचं होतं. चित्रपट मूक. आवाज नाही, गर्जना नाही, जे सांगायचं ते पडद्यावरच्या अक्षरांनी. एक, दोन, तीन, चार असे आकडे दाखवत गेलं तर ते चारावर संपणार की चाळीसावर, हे प्रेक्षकाला कळणार कसं? आणि कळलंच नाही तर त्याचा जीव टांगणीला लागणार कसा? लांगने आकडे उलटे मोजले. शून्याच्या पलीकडे जायला जागा नसते, हे तिकीट काढून आलेल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं. आकडे उतरत गेले आणि शेवटी पडद्यावर शब्द आला : 'आता!'

उत्क्षेपणाआधीची उलटी गणती तिथून आली, असं रॉकेटविद्येचा इतिहास लिहिणारे सांगतात. श्रीहरिकोट्याचं थेट प्रक्षेपण बघताना आपण जो विधी शास्त्रज्ञांचा समजून श्वास रोखून ऐकतो, तो मुळात एका गोष्ट सांगणाऱ्याची युक्ती आहे. गोष्टवाल्यांनी आणि हिशेबवाल्यांनी एकमेकांकडून अशी बरीच उसनवारी केली. या वेळी तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

मागच्या लेखात आपण खगोलशास्त्रज्ञ केप्लरच्या 'सोम्नियम' या चंद्रप्रवासाच्या गोष्टीपाशी थांबलो होतो. त्यातले प्रवासी चंद्राकडे निघताना गुंगीचं औषध देऊन झोपवले जातात, कारण निघतानाचा हिसका शरीराला सोसणार नाही, हे केप्लरला जाणवलं होतं. तिथून अडीचशे वर्षं पुढे येऊ. १८६५. ज्यूल व्हर्नने माणसांना चंद्रावर पाठवायचं ठरवलं आणि त्यासाठी त्याने वापरली तोफ.

व्हर्नचं कौतुक करताना लोक नेहमी एक यादी वाचून दाखवतात. उड्डाण फ्लोरिडातून, प्रवासी तीन, परतीला यान प्रशांत महासागरात पडतं. १९६८च्या डिसेंबरात अपोलो ८ असंच गेलं आणि असंच आलं. यादी खरी आहे. फ्लोरिडाची निवड तर त्याने विचार करून केली होती : चंद्र बरोबर डोक्यावर येईल अशी जागा २८ अक्षांशांच्या आत हवी आणि ती अमेरिकेतच हवी, मग उरतात टेक्सास आणि फ्लोरिडा. या दोन राज्यांची त्यावरून कादंबरीत जी भांडणं लागतात ती आजही वाचनीय आहेत. पण मला त्याच्या अचूक निघालेल्या गोष्टींपेक्षा त्याची चूक जास्त मोलाची वाटते. ती तोफ.

तोफ ९०० फूट लांब, जमिनीतच ओतलेली. गोळ्याला वेग द्यायचा सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर. आता एवढा वेग तेवढ्या नळीत मिळवायचा, तर आतल्या माणसांवर किती जोर पडेल? शाळेतलं सूत्र पुरतं. वेगाचा वर्ग करा, अंतराच्या दुपटीने भागा. उत्तर येतं गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे बावीस हजार पट. सत्तर किलोंचा माणूस त्या क्षणी पंधराशे टनांचा होईल. क्षण तरी केवढा? सेकंदाचा विसावा भाग. व्हर्नला हिसक्याची कल्पना होती. गोळ्याच्या तळाशी त्याने पाण्याचा थर आणि मोडून पडणारे लाकडी पडदे बसवले होते. बावीस हजार पटींपुढे ते म्हणजे रेल्वेच्या धडकेपुढे उशी धरण्यासारखं. त्याचे तिन्ही प्रवासी मात्र थोडंसं खरचटून उठतात आणि गप्पा मारू लागतात.

ही चूक दोन वाचकांना झोपू देईना. एक रशियात कालूगा गावचा शाळामास्तर, कॉन्स्तांतिन त्सिओल्कोव्स्की. लहानपणी तापाने ऐकू येणं जवळजवळ गेलेलं, शिक्षण बरंचसं वाचनालयात बसून स्वतःचं स्वतःच केलेलं. दुसरा ट्रान्सिल्व्हेनियातला मुलगा, हेर्मान ओबेर्थ. त्याच्या हाती व्हर्नची पुस्तकं अकराव्या वर्षाच्या सुमारास पडली. दोघांची ओळख नाही, भाषा वेगळी, वयात सदतीस वर्षांचं अंतर. दोघांनी गणित मांडलं आणि दोघांना प्रवासी मेलेले आढळले. मग दोघे एकाच प्रश्नापाशी आले : सगळा वेग एका दणक्यात न देता हळूहळू, मिनिटं-मिनिटं देता येईल असं काय आहे? दोघांचं उत्तर एकच होतं. रॉकेट. त्सिओल्कोव्स्कीने त्याचं समीकरण १९०३ साली छापलं. ओबेर्थने या विषयावर लिहिलेला प्रबंध १९२२ साली हायडेलबर्ग विद्यापीठाने नाकारला, तेव्हा त्याने दुसऱ्या वर्षी त्याचं पुस्तकच काढलं. जर्मनीत त्या पुस्तकाने रॉकेटचं वेड लावलं.

व्हर्नने तोफेऐवजी काहीतरी पटण्यासारखं लिहिलं असतं, तर ही दोन डोकी त्या पानावर अडली असती का?

ते वेड बघूनच लांगने ओबेर्थला चित्रपटाचा सल्लागार म्हणून बोलावलं. 'फ्राउ इम मोंड', म्हणजे चंद्रावरची बाई. या चित्रपटातली रॉकेटची बाजू आज पाहिली तर चकित व्हायला होतं. रॉकेट टप्प्याटप्प्याचं आहे, जळून संपलेला टप्पा गळून पडतो. ते एका अवाढव्य शेडमधून उभ्याउभ्या बाहेर येतं. प्रवासी आडवे झोपून हिसका सोसतात, आणि वजन नाहीसं झाल्यावर पाय अडकवायला जमिनीत पट्टे आहेत. उड्डाण बघायला माणसांचा समुद्र लोटलेला आहे. इथपर्यंत ओबेर्थचं राज्य. चंद्रावर उतरल्यावर मात्र गोष्टवाले ताबा घेतात. तिथे श्वास घेण्यासारखी हवा आहे, पात्रं साध्या कपड्यांत हिंडतात आणि जमिनीत सोनं आहे. प्रेमाचा त्रिकोणही आहेच. ओबेर्थने काय म्हणून मान डोलावली असेल कोण जाणे.

त्याच्यावर आणखी एक जबाबदारी होती. प्रसिद्धीसाठी त्याने खरंखुरं रॉकेट बनवून उडवायचं होतं. तो गणिती माणूस. पाने, हातोडी, व्हॉल्व्ह ही त्याची दुनिया नव्हती. प्रयोगात स्फोट झाला, डोळ्याला इजा झाली, रॉकेट काही पुरं झालं नाही. १५ ऑक्टोबर १९२९ला बर्लिनमध्ये चित्रपट झळकला तो पडद्यावरच्या रॉकेटवरच.

चित्रपटाची कथा आणि पटकथा लांगची नाही. ती त्याची पत्नी थेआ फॉन हार्बूची. या बाईंचा एक धागा थेट आपल्याकडे येतो, म्हणून जरा वाट वाकडी करतो. लांगशी १९३३ साली घटस्फोट झाला. त्यानंतर तिने आयी गणपत तेंडुलकर या बेळगावकडच्या, तिच्याहून बऱ्याच लहान असलेल्या पत्रकाराशी लग्न केलं. नाझी जर्मनीत गोऱ्या बाईने हिंदी माणसाशी लग्न करायचं म्हणजे ते गुपचूपच उरकावं लागलं. युद्धाच्या आधी तेंडुलकर मायदेशी परतले, पुढे सेवाग्रामला गांधीजींच्या उपस्थितीत त्यांनी इंदुमती गुणाजींशी लग्न केलं. लांगने हिटलर सत्तेवर आल्यावर देश सोडला. हार्बू मात्र तिथेच राहिली, नाझी पक्षाची सभासदही झाली. एका हिंदी नवऱ्याची बायको आणि त्या पक्षाची सभासद. माणूस हा प्राणी कुठल्याच समीकरणात नीट बसत नाही.

ओबेर्थच्या प्रयोगात १९३० साली हाताखाली राबणाऱ्यांत अठरा वर्षांचा एक मुलगा होता. वेर्नर फॉन ब्राउन. सात वर्षांनी गेस्टापोने लांगचा चित्रपट आणि त्यातल्या प्रतिकृती ताब्यात घेतल्या. कारण आता जर्मन लष्कर बाल्टिकच्या किनाऱ्यावर पेनेम्युंडेला खरी रॉकेटं बनवत होतं, आणि पडद्यावरचं रॉकेट त्यांच्याशी नको इतकं जुळत होतं. ३ ऑक्टोबर १९४२ला पुढे 'व्ही-२' म्हणून ओळखलं गेलेलं रॉकेट पहिल्यांदा नीट उडालं, ८० किलोमीटरहून उंच गेलं. त्याच्या अंगावर बुडाशी कुणीतरी हौसेने एक चित्र रंगवलं होतं : चंद्रकोरीवर बसलेली बाई. लांगच्या चित्रपटाचीच आठवण.

ही हौस गोड वाटावी अशी आहे, आणि तिथेच घशात काहीतरी अडकतं. दोन वर्षांत हीच रॉकेटं लंडनवर पडू लागली. ती बनवायला मिटेलबाउ-डोरा छळछावणीतले कैदी डोंगरातल्या बोगद्यांत जुंपले होते. हे अस्त्र आदळून जेवढी माणसं मेली त्याहून जास्त ते बनवताना मेली. फॉन ब्राउनला हे ठाऊक होतं. १९४५ नंतर तो अमेरिकेत गेला, १९५५ साली वॉल्ट डिस्नेच्या टीव्ही कार्यक्रमात हसतमुखाने रॉकेटची प्रतिकृती हातात धरून अमेरिकन पोराबाळांना अंतराळ समजावू लागला, आणि पुढे त्याच्या देखरेखीखाली 'सॅटर्न ५' उभं राहिलं. चंद्रावर गेलेल्या प्रत्येक माणसाला तिथवर नेणारं हेच रॉकेट.

उलटी गणतीही या मंडळींबरोबर पडद्यावरून तळावर आली. पण लांगला हवी होती उत्कंठा, आणि इंजिनियरांना तिचा उपयोग भलताच निघाला. उड्डाणाआधी शेकडो माणसं शेकडो कामं करत असतात. द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंशांवर असतो, तो सारखा उकळून उडून जातो, म्हणून टाकी शेवटच्या तासांत भरायची आणि भरत राहायची. मग वीज, मग दिशादर्शन, मग झडपा. प्रत्येकाला एकच माहिती हवी असते : आता किती वेळ उरला? साध्या घड्याळाला ते सांगता येत नाही, कारण काही अडलं तरी ते चालतच राहतं. उलटं घड्याळ थांबवता येतं. अपोलोच्या वेळी तर अठ्ठावीस तासांच्या अखेरच्या गणतीत मुद्दाम विश्रामाच्या जागा ठेवलेल्या होत्या, मागे पडलेल्याने तिथे गाठावं म्हणून.

थांबलेलं घड्याळ आपणही पाहिलं आहे. १५ जुलै २०१९ची पहाट, चांद्रयान-२. उड्डाण २ वाजून ५१ मिनिटांनी. घरोघरी लोक डोळे चोळत टीव्हीपुढे बसले होते. ५६ मिनिटं २४ सेकंद उरले असताना आकडे जागच्या जागी गोठले. थोड्या वेळाने कळलं की तांत्रिक अडचण आहे, आज उड्डाण नाही. लोक हिरमुसले. पण गणती ज्या कामासाठी असते ते काम तिने त्या पहाटे चोख केलं होतं. यान २२ जुलैला उडालं. हे सगळं आमच्या साडेमाडेवाल्याला पटलं असतं. कुणी गडबडीत पुढे पळालं की थांबवायचं, ओळ नीट करायची.

आणि शून्य? चित्रपटात शून्य म्हणजे कळ दाबण्याचा क्षण. 'सॅटर्न ५'ची इंजिनं पेटवण्याची क्रिया मात्र शून्याच्या ८.९ सेकंद आधीच सुरू होई. पाचही इंजिनं पुरा जोर देताहेत याची खात्री होईपर्यंत पोलादी पंजे रॉकेटला खाली धरून ठेवत. शून्याला फक्त पकड सुटायची.

१६ जुलै १९६९ला सकाळी फ्लोरिडात अपोलो ११चे आकडे उतरत होते, तेव्हा पाहायला जमलेल्यांत पंच्याहत्तर वर्षांचा एक म्हातारा होता. हेर्मान ओबेर्थ. व्हर्नच्या तोफेने ज्याची झोप उडवली तो मुलगा. उलटे आकडे पहिल्यांदा पडद्यावर आले त्या चित्रपटाचा सल्लागार. चाळीस वर्षांपूर्वी प्रसिद्धीसाठी त्याला बनवायला सांगितलेलं रॉकेट कधी उडालंच नव्हतं. ९ वाजून ३२ मिनिटांनी पंजे सुटले.