रापी कोणी घडवली?

तालुक्याच्या एका कचेरीत बापाचा अर्ज भरला जात होता. कारकुनाने धंद्यापुढे ‘अकुशल’ असे लिहिले. मी शिकलेला असून गप्प राहिलो. ते गप्प राहणे आजही सलते, म्हणून हे लिहितो आहे.

यवतमाळ जिल्ह्यातला आमचा मुलूख कापसाचा नि बैलांचा. बाप वहाणा शिवी, बैलांच्या वाद्या करी. चामडे कापायची, तासायची रापी त्याने कधी विकत घेतली नाही. झिजलेली कानस तो लोहाराच्या भात्यावर लाल करी आणि रात्रभर राखेत पुरून ठेवी. सावकाश निवली की ती नरम पडे. मग तिला आकार नि धार द्यायची, पुन्हा तापवायचे. लोहचुंबक चिकटेनासे झाले की पोलाद तयार, असे शास्त्र सांगते. बाप ते रंगावरून ओळखी. लगेच तेलात बुडवायचे. अशी रापी कडक, पण ठिसूळ. पडली तर तुकडा उडे. म्हणून घासून, निखाऱ्यावर मंद शेकायची. गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग चढला की थांबायचे. निळा चढला तर धार टिकत नाही.

आरी सायकलच्या तुटक्या स्पोकची. टोक काढून त्याजवळ तिरपी खाच पाडायची. आरी चामड्यातून खाली गेली की खालचा हात खाचेत दोरा अडकवतो. मागे ओढली की दोऱ्याचा फास वर येतो. वादीला जाड आरी, वहाणेला बारीक. मूठ धावड्याची, त्याच्याच तळहाताला बसेल अशी.

पोलादाला पाणी देणे आयटीआयत शिकवले तर तंत्रविद्या, चांभाराने केले तर अकुशल! बलुतेदारीत हत्यार आमचे होते; कामाचे मोल मात्र खळ्यावर दुसराच ठरवी. आमची विद्या मोजलीच गेली नाही.

पण मित्रांनो, या विद्येचा अभिमान म्हणजे जातीच्या धंद्याचा अभिमान नव्हे. जात ही श्रमिकांचीच फाळणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले. माझ्या मुलाने रापी धरलीच पाहिजे असे नाही. रापी कशी होते हे मात्र सर्व जातींच्या मुलांना कळले पाहिजे.

शिक्षकांनो, शाळेत एक जुनी कानस आणा. कार्यकर्त्यांनो, वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडून ही कृती लिहून घ्या. आणि कोणी ‘अकुशल’ लिहू लागला, तर त्याची लेखणी तिथेच थांबवा. मी थांबवली नव्हती.