सतरंज्या कोण उचलणार?

ऑक्टोबर २०२४ मध्ये पार्करनला वीस वर्षं झाली. लंडनच्या आमच्या पार्कातही केक कापला, फोटो झाले, छोटंसं भाषण झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत पार्करनने आपल्या विक्रमांच्या याद्या गुंडाळल्या, त्याबद्दल मात्र भाषणात चकार शब्द नव्हता. कुठल्या पार्कात सगळ्यात वेगवान कोण, कुठल्या वयोगटात कुणाची वेळ उत्तम, सतरा मिनिटांच्या आत येणारे पुरुष आणि विसाच्या आत येणाऱ्या बायका, सगळं एका फटक्यात गेलं. कारण काय, तर असल्या याद्या बघून नवखी माणसं बिचकतात. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. पुढचा मजकूर थोडा चिडूनच लिहिला आहे, हे धरून चालावं.

पार्करन म्हणजे दर शनिवारी सकाळी नऊला पार्कात पाच किलोमीटर. पळा, चाला, बाबागाडी ढकला. नाव एकदाच नोंदवायचं, पैसे द्यायचे नाहीत. वळणावर उभे राहणारे, वेळ घेणारे, सगळ्यांच्या मागून चालणारे, सारे स्वयंसेवक. २ ऑक्टोबर २००४ रोजी टेडिंग्टनच्या बुशी पार्कात पॉल सिंटन-ह्युइट या गृहस्थाने हे सुरू केलं. दुखापतीमुळे त्याचं पळणं थांबलं होतं, नोकरीही गेली होती. निदान पळणाऱ्या दोस्तांची गाठ तरी पडावी, एवढाच हेतू. पहिल्या दिवशी तेरा जण पळाले. क्रमांकाची टोकनं म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातले, आकडे ठोकलेले वॉशर. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली होती, प्रायोजक आणि प्रवेश फीसकट. माझा चुलतभाऊ दर जानेवारीत तिथला बिब छातीवर लावून फोटो पाठवतो. त्याला ‘इथे फुकट असतं’ म्हटलं तर तो लगेच विचारतो, ‘मग गोम काय?’

पुढची पाच-सहा वर्षं मी सरळ उडवतो. जानेवारी २००७ मध्ये विम्बल्डन कॉमनवर दुसरी शाखा निघाली, मग देशभर निघत गेल्या. पळायला येणारे बहुतेक क्लबांतले सडसडीत लोक. मी लंडनमध्येच होतो, पण शनिवारी नऊ वाजता गादीवर.

माझं दशक म्हणजे २०११ पासून टाळेबंदीपर्यंतचं. तेव्हा आमच्याकडे एक अलिखित रिवाज होता. चार-सहा वेळा पळालात की एकदा स्वयंसेवकाचं पिवळं जाकीट घालून उभं राहायचं. कुणी सांगत नसे, कुणी विचारत नसे, पण जाकीट न घालणारा सगळ्यांना ठाऊक असे. गणपती मंडळात वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आरतीला गर्दी होतेच. मंडळ चालतं ते नंतर सतरंज्या उचलणाऱ्यांवर.

सगळ्यात जोखमीचं काम शेवटच्या रेषेवरचं. घड्याळवाला रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येकासाठी एकदा बटण दाबतो. पुढे दोरीने आखलेला अरुंद बोळ, त्यात क्रम मोडायचा नाही. बोळाच्या टोकाला क्रमांकाचं टोकन मिळतं आणि मग स्कॅनरवाला तुमचा बारकोड आणि टोकन वाचतो. गंमत अशी की घड्याळाला तुमचं नाव ठाऊक नसतं आणि टोकनाला तुमची वेळ. दोन्ही याद्या जुळतात त्या केवळ क्रमांकावर. एखादा पठ्ठ्या टोकन न घेताच दोरीखालून सटकला, की त्याच्या मागच्या प्रत्येकाला दुसऱ्याचीच वेळ मिळते. मग संध्याकाळी तक्रारी सुरू. क्लबाचा बनियन घातलेल्या एका महाशयांनी तीन सेकंदांसाठी एका सोळा वर्षांच्या स्वयंसेवक मुलीला रडवलेलं मी पाहिलं आहे. तिच्या हातात घड्याळ होतं, बाहेर पाच अंश तापमान होतं आणि हे महाशय आयुष्यात एकदाही जाकीट घालून उभे राहिलेले नव्हते. आजही ते दिसले की मी बूट बांधायला खाली वाकतो.

नंतर कॅफेत टोकनं लावायची. चिखलाने बरबटलेली, एकमेकांना चिकटलेली प्लास्टिकची टोकनं टेबलावर ओतायची, दहा-दहाचे गठ्ठे करायचे, क्रमाने कडीत ओवायची. जानेवारीत बोटं इतकी बधिर असत की दोन टोकनं वेगळी करायला नख चालत नसे. हमखास एखादं कमी भरायचं. ते कुणाच्या तरी चड्डीच्या खिशातून घरी गेलेलं असे आणि पुढच्या शनिवारी धुऊन स्वच्छ होऊन परत येई. पण त्या टेबलावर मला या शहरात पहिल्यांदा शेजारी मिळाले. बस चालवणारा एक पोलिश, दोन नर्स, एक चिडका निवृत्त मास्तर. ऑफिसात दहा वर्षांत जमलं नव्हतं.

याच दशकात, एप्रिल २०१६ मध्ये, ब्रिस्टलजवळच्या स्टोक गिफर्डच्या पॅरिश कौन्सिलने लिटल स्टोक पार्कातल्या पळणाऱ्यांकडून पैसे घ्यायचं ठरवलं. पायवाटा झिजतात, देखभालीचा खर्च येतो. पार्करनने पैसे द्यायला नकार दिला आणि तिथली धाव कायमची बंद केली. तेव्हा मी कौन्सिलला यथेच्छ शिव्या घातल्या. सार्वजनिक बागेत पळण्याचे पैसे? उद्या बाकावर बसण्याचे मागतील. मत अजून तेच आहे. २०१८ मध्ये तर इथल्या फॅमिली डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजने पार्करनशी हातमिळवणी केली आणि डॉक्टर पेशंटांना पार्कात धाडू लागले. गोळ्यांऐवजी शनिवार! आमची गर्दी वाढली ती या काळात. पहिल्या वर्षांत सरासरी वेळ पंचवीस मिनिटांच्या आत असे, आता तिशीच्या पुढे गेली आहे, आणि त्याचा मला आनंदच आहे. हळू येणाऱ्यांवर माझा राग नाही.

मार्च २०२० ते जुलै २०२१ बंद. त्याविषयी सगळ्यांचं सगळं लिहून झालं आहे.

परत सुरू झालं तेव्हा माणसं तीच होती, पण नातं बदललेलं. बारकोड मोबाईलवर आला, ते बरंच झालं. पन्नास धावांचा लाल आणि शंभराचा काळा टीशर्ट पूर्वी फुकट मिळायचा, आता विकत घ्यावा लागतो. तेही चालेल, कपडा फुकट येत नाही. खुपतं ते वेगळंच. कॉफीची मोठी रांग लागते, पण टोकनं लावायला टेबलावर दोघंच. गुरुवारी रात्री ‘अजून नऊ जण हवेत’ असा काकुळतीचा निरोप येतो आणि शनिवारी चारशे जण निवांत पळून जातात. ‘आज वेळ उशिरा का लागली?’ हे विचारणारे त्यातलेच. गिऱ्हाईकसुद्धा इतक्या हक्काने बोलत नाही.

नवख्यांना बिचकवतं ते हे. पहिल्यांदा आलेल्या माणसाला वळणावर कुणी उभं दिसलं नाही तर तो बिचकेल. कुणाचे सोळा मिनिटांचे आकडे वाचून कशाला बिचकेल? आमच्याकडे एक गुजराती आजी येतात. पाच किलोमीटरला जवळपास तास घेतात. पंच्याहत्तर ते एकोणऐंशी वयोगटात आमच्या पार्कातला विक्रम वर्षानुवर्षं त्यांच्या नावावर होता, कारण त्या गटात पळणाऱ्या दुसऱ्या कुणी नव्हत्याच. त्यांच्या नातवाने ते पान छापून फ्रिजवर लावलं होतं. वेगवान पोरांना क्लबाच्या शर्यती आहेत, त्यांचं काही बिघडलं नाही. यादीतून खरं गेलं ते आजींचं नाव, आणि तेही नवख्यांना दिलासा म्हणून.

याद्यांचं एवढंच वावडं होतं, तर जाकिटाला हात न लावता शेकड्यांनी पळणाऱ्यांची आणि टोकन खिशात घालून घरी नेणाऱ्यांची एक यादी लावायची होती. खिळे आणि हातोडी मी आणली असती.