तिथी बघून सायकल काढा

"आज पंचमी. पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला भरती," असं पुटपुटत आजोबा ओटीवरून उठायचे आणि खाडीकडे चालू लागायचे. रेवदंड्याच्या आमच्या घरात पाउणकी पाठ करून घेतली जायची ती परीक्षेसाठी नव्हे, पाण्यासाठी. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजणी. पुढे तीस वर्षं मी बँकेत आकडेमोड केली, पण इतका कामाचा गुणाकार नंतर कुणी शिकवला नाही.

निवृत्त झाले तेव्हा भाचीनं विचारलं, "मावशी, आता काय करणार?" ती पुण्यात नोकरी करते आणि शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असते. मी म्हटलं, मांडव्यापासून हर्णैपर्यंत सायकलनं जाऊ, वाटेत डोंगर लागतील ते पायी चढू आणि शेवटी समुद्रात कयाक वल्हवू. तिनं लगेच मोबाइलवर मुक्काम शोधायला घेतले. मी पंचांग काढलं. पहिलं भांडण तिथंच झालं. तिला शुक्रवारी निघायचं होतं, मला पौष पौर्णिमेला.

माझं म्हणणं असं की, कोकणच्या किनाऱ्यावरची सुट्टी वारावर बेतायचीच नसते. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्याच्यामागोमाग भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. पाउणकीचं गुपित एवढंच. एका भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांच्या थोडं वर. हा हिशोब मुंबई-अलिबागकडचा, तोही ढोबळ. जसजसं दक्षिणेला जावं तसतशी भरती थोडी आधी येते. बरोबर वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो. पण सायकलच्या हँडलवर दोन्ही हात असताना पाउणकीच बरी.

वेळेइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाणी किती हटणार. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र-सूर्य एका रेषेत येऊन ओढतात, तेव्हा उधाण. मुंबईकडे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ आडवी पडते, त्याला कोळी भांग म्हणतात. तेव्हा हाच फरक निम्मासुद्धा राहत नाही. म्हणजे अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला, वेळ कशी सोयीची, पण पाणी जागचं हलतच नाही. भाचीच्या शुक्रवारी नेमकी अष्टमी होती. शेवटी तिनं रजा टाकली.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो २०२० साली सुरू झाली आणि सायकलवाल्यांचं भलं झालं. रस्त्यानं पनवेल-पेणची धूळ खात जायचं ते तासाभरात, वारा खात. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. दुपारी जेवून आम्ही किनाऱ्यावर आलो तर कुलाबा किल्ल्याभोवती पाणी होतंच, फक्त ते निघायच्या बेतात होतं. चारच्या सुमाराला घोडागाडीवाल्यांनी लगाम उचलले. त्यांच्याकडे बघायचं, मोबाइलकडे नाही. आम्ही चपला हातात घेऊन निघालो. घोटाभर पाणी, मग ओली वाळू, मग शेवाळलेला खडक. भाची म्हणाली, "मावशी, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सपाट ट्रेक." शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात बांधायला घेतलेल्या आणि आंग्र्यांनी नावारूपाला आणलेल्या या किल्ल्यात भर समुद्रात गोडं पाणी आहे, गणपतीचं देऊळ आहे आणि तटावर चाकाच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. आम्ही तोफांपाशी रेंगाळलो नाही. ओहोटी साडेपाचची, परत फिरलेलं पाणी तासाभरात पायाला लागतं.

पाणी सहा तासांत एकसारखं चढत-उतरत नाही, हेही सांगून ठेवते. पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं. किल्ल्यात अडकणारे बहुतेक जण "आत्ता तर घोटाभर होतं" असंच म्हणत असतात.

दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा, सकाळी सातला ओहोटी. आक्षी ते नागाव आम्ही रस्ता सोडून पुळणीवरून सायकली घातल्या. चाकांतली हवा थोडी कमी करायची आणि पाण्याच्या कडेची काळसर, कडक वाळू धरायची. टायरखाली ती पापडासारखी कुरकुरते. चार हात वर पांढऱ्या भुसभुशीत वाळूत गेलात की चाक रुतलं आणि तुम्ही हँडलवरून पुढे. मी गेले. (आक्षीला मराठीतल्या आद्य शिलालेखांपैकी एक उभा आहे. गुडघ्याची वाळू झटकत त्याचं दर्शन घेतलं.) नंतर एक काम मात्र चुकवायचं नाही. मुक्कामाला पोचल्यावर आधी सायकलीला अंघोळ, मग आपल्याला. चेन गोड्या पाण्यानं धुवायची, फडक्यानं पुसायची, तेलाचे थेंब सोडायचे. एक रात्र आळस केलात तर सकाळी चेनवर तांबूस गंज दिसेल आणि गिअर बदलताना ती कुरकुर करेल.

रेवदंड्याचा पूल ओलांडताना आजोबांच्या खाडीला हात जोडले. पलीकडे कोर्लईचा पोर्तुगीज किल्ला. दीपगृहापाशी सायकली टेकवून पंधरा-वीस मिनिटं चढलं की एका लांबट कण्यावर उभे राहतो, दोन्ही हातांना पाणी. खालच्या कोर्लईत अजूनही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात. दुकानात लिमलेटच्या गोळ्या घेताना दोघी बायकांचं बोलणं कानावर पडलं. लय मराठीची, शब्द एकही कळेना.

किनारा म्हणजे सपाट, असं नकाशा बघणाऱ्याला वाटतं. कोकणात दर खाडीमागे एक सडा आणि दर सड्यामागे एक उतार आहे. काशीदच्या चढावर मी सायकल ढकलत नेली, यात लाज कसली. भाची वर जाऊन थांबली होती, तिनं कोकम सरबत तयार ठेवलं होतं. मुरूडच्या मुक्कामानंतर आगरदांड्याला तर धरायची. सायकल जेट्टीवरून लोखंडी फळीवर चढवायची, समोर दिघी, मागे राजपुरीकडे जंजिऱ्याचा तट. खाड्यांवर पूल व्हायचे तेव्हा होवोत. सायकलवाल्याला तर बरी, पाय तेवढेच मोकळे होतात. पुढे दिवेआगर, शेखाडीचा समुद्राला चिकटून जाणारा रस्ता, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर. साठ-पासष्ट किलोमीटरचा दिवस. रात्री आमटी-भात कालवताना माझा हात थरथरत होता.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा हा या सहलीतला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात गंभीर ट्रेक. डोंगराच्या खाचेतून कोरलेल्या पायऱ्यांनी समुद्रात उतरायचं आणि लाटांनी पोखरलेल्या खडकाच्या पायथ्यानं वळसा घालून परत यायचं. ही वाट ओहोटीचीच. भरतीच्या वेळी इथं माणसं वाहून गेली आहेत, तशा सूचना लावलेल्या आहेत, तरी लोक फोटोसाठी थांबतात. तृतीया होती. तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे ओहोटी सव्वाआठ. आम्ही पावणेआठला उतरलो आणि साडेआठला वर. खडकात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी हजारो भोकं पडली आहेत, त्यांच्यात बोट घातलं की आत ओलं आणि गार लागतं.

बागमांडल्याच्या तरीनं सावित्री ओलांडली की वेसवी, बाणकोट आणि नाना फडणविसांचं वेळास. तिथं कासवं अंडी घालतात आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीनं त्यांना जपलं आहे. पिल्लं पाहायची तर फेब्रुवारी-मार्चनंतर जा, आम्ही लवकर गेलो. केळशीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी संकष्टी. कड्यावरच्या गणपतीला आंजर्ल्याच्या बाजूनं पायवाटेनं चढलो आणि उपासाचं पोट घेऊन वरून समुद्र बघत बसलो. दूर सुवर्णदुर्ग, पाण्यावर ठेवलेल्या पाटासारखा.

इथवर मी पंचांगाच्या हुशारीत होते. पंचमीला खाडीत कयाक वल्हवायची ठरली आणि हुशारी गळाली.

कयाक मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. हाडा-लाकडाचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं, मधे एक माणूस बसेल एवढं भोक आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. खऱ्या समुद्री कयाकमध्ये आजही कंबरेभोवती झगा बांधून ते भोक बंद करतात, उलटली तर पाण्याखालून बाहेर कसं यायचं ते आधी शिकवतात. आपल्या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी मिळते ती वर बसायची, प्लास्टिकची, जाडजूड. शिकायला सोपी, पडलात तर अडकत नाही. पण वाऱ्याला आणि प्रवाहाला ती पानासारखी वाहते.

आम्हाला आठला बोलावलं होतं. मी मनाशी म्हटलं, खाडी आहे, समुद्र थोडाच आहे, आणि गुणाकार केलाच नाही. पावणेचारची भरती म्हणजे आठला ओहोटी जोरात. भाड्यानं देणाऱ्यानं लाइफ जॅकेटं दिली, माझ्याचा एक बकल तुटलेला होता. तो म्हणाला, चालतंय. मीही म्हटलं, चालतंय. दोघंही चुकलो.

पहिली वीस मिनिटं मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका. वल्हं नुसतं बुडवायचं, कयाक सुळ्ळकन पुढे. तिवरांच्या मुळ्या मागे पळत होत्या. भाची म्हणाली, "मावशी, तुझ्या हातात जोर आहे." जोर ओहोटीचा होता. पुढे पाण्याचा आवाज बदलला. खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या, पांढऱ्या, एकामागून एक. आम्ही वळलो. दोघी जिवाच्या आकांतानं वल्हवतोय आणि किनाऱ्यावरचा एकच माड समोर, हलेचना. ओहोटीनं फुकट आणलं आणि परतीचं भाडं मागितलं. शेवटी काठाकडे तिरपं काढत चिखलाला लागलो. उतरले तर पाय गुडघ्यापर्यंत आत. त्या चिखलाला कुजलेल्या शेवाळाचा वास असतो आणि तो पाय सोडत नाही, बूट मात्र सहज काढून घेतो. माझा डावा घेतला.

एक म्हातारे कोळी जाळं आवरत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. "सुकती आहे, बाय. धा वाजू दे, पाणी फिरल." तंबाखू मळत परत कामाला लागले. दहा वाजून गेले तरी पाणी समुद्राकडेच. खाडीच्या आत ते तोंडापेक्षा उशिरा वळतं, हे आजोबांनी सांगितलं होतं, मी विसरले होते. मग तिवराजवळ तरंगणारं एक पान थांबलं, जागच्या जागी फिरलं आणि हळूच उलट्या दिशेला निघालं. आम्ही त्याच्यामागून गेलो. वल्हं फारसं मारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी हर्णैच्या समुद्रात गेलो ते धडा घेऊन. रात्रीचा मतलई वारा सकाळी मंदावतो आणि खारा वारा दहा-अकराला उठतो, त्या मधल्या वेळेत पाणी आरशासारखं असतं. मासेमारीची एक होडी सोबतीला घेतली, अंतर ठेवून चालणारी. सुवर्णदुर्गाच्या महादरवाज्याशी उतरलो. उंबऱ्यावर कासव कोरलेलं, भिंतीवर मारुती. १७५५ साली पेशव्यांच्या मदतीला आलेल्या कमोडोर जेम्सनं हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, तेव्हा तोफांच्या गलबतांवरून दिसलेला तटच मी पाण्यापासून हातभर उंचीवरून पाहत होते. इतक्या खालून किल्ला फार उंच दिसतो.

जाणार असाल तर थंडीत जा. जून-जुलैत राज्याच्या किनाऱ्यावर मासेमारीलाही बंदी असते, तिथं प्लास्टिकच्या कयाकचं काय. वाशिष्ठीच्या आतल्या भागात मगरी आहेत, तिथं वल्हवायचा हट्ट नको. जॅकेटचे बकल स्वतःच्या हातानं ओढून बघा, तुटका असेल तर दुसरं मागा आणि नसेल तर परत या. पोहता येत असलं तरी शिट्टी गळ्यात ठेवा. आणि बूट नाडीचे घाला.